अँटेना खाली उतरवला तेव्हा

लांजा तालुक्यातल्या एका वाडीवर एप्रिलमध्ये आम्ही कौलांच्या वर वीस फुटी जीआय पाइप उभा केला आणि त्याच्या टोकाला ४जी नेटचा अँटेना चढवला. पाचव्या दिवशी तोच अँटेना उतरवून मागीलदारी, गोठ्याच्या भिंतीला, जमिनीपासून आठ फुटांवर लावला. नेट जवळपास सात पट वाढलं. घरातल्या काकांना अजून वाटतं की पाइप मी उगीच घ्यायला लावला. त्यांचं अगदीच चुकतंय असं म्हणवत नाही.

घर जांभ्या चिऱ्यांचं, डोंगराच्या पूर्वेच्या उतारावर, माथ्याच्या जरा खाली. सूनबाई पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते आणि व्हिडिओ कॉल दर दोन मिनिटांनी गोठतो, ही तक्रार. माझ्याआधी टीव्हीच्या छत्र्या बसवणारा एक जण येऊन टीव्हीच्या पांढऱ्या केबलवर अँटेना लावून गेला होता. ती केबल ७५ ओहमची, सिमवर चालणारा ४जी राउटर ५० ओहमचा, म्हणून आमच्या धंद्यात लगेच नाकं मुरडतात. खरं तर या फरकाने पाव डीबीही (डीबी म्हणजे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) जात नाही. जातं ते लांबीत: वीस मीटरला १८०० मेगाहर्ट्झवर साधारण सहा डीबी. त्याची खरी चूक वेगळीच होती. राउटरला अँटेनाची दोन तोंडं असतात, त्यातलं एकच जोडून दुसरं त्याने उघडं सोडलं होतं. ४जी दोन वाटांनी एकदम डेटा आणतं. एक वाट बंद केली की वेग निम्म्यावर येऊ शकतो. घरात एक ऑनलाइन मागवलेला बूस्टरही होता. तो आधी बंद करायला लावला. विनापरवाना बूस्टर वापरणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तो सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो. राउटरला नुसता बाहेरचा अँटेना जोडणं ही निराळी गोष्ट, त्यात काही प्रक्षेपण वाढवणारं यंत्र नसतं.

मोबाइलवरच्या काड्या मी बघतच नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर दोन आकडे असतात. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतो: उणे ८० उत्तम, उणे ११० म्हणजे कुजबुज. एसआयएनआर म्हणजे तो आवाज भोवतालच्या गोंगाटातून किती स्पष्ट ऐकू येतो: २० च्या वर झकास, ५ च्या खाली रडकथा. काड्या मुख्यतः पहिल्या आकड्यावर नाचतात, वेग बहुतेक दुसऱ्यावर ठरतो. घरात हे आकडे होते उणे ११४ आणि २. चिऱ्याच्या दोन फुटी भिंती आणि पडवीवरचा पत्रा, दुसरं काय होणार?

छपरावर चढलो तर पश्चिमेला सड्यावरचा, म्हणजे कातळपठारावरचा, टॉवर चक्क दिसत होता, पावणेतीन किलोमीटरवर. मी खूश. दिसतो म्हणजे झालं, या धंद्यातली ही सगळ्यात जुनी समजूत, आणि मीही तिलाच भुललो. पाइप चढवला, दोन लॉग-पिरिऑडिक (एका दिशेला रोखायचे) अँटेना एकमेकांशी काटकोनात, दोन्ही ४५ अंशांत तिरके बांधले, सड्याकडे रोखले. उणे ८४. काड्या भरल्या. एसआयएनआर ३. डाउनलोड साडेतीन एमबीपीएस, अपलोड धड एक एमबीपीएसही नाही.

कारण वर उभं राहूनच कळलं. माथ्यापलीकडे महामार्गाच्या बाजूला त्याच कंपनीचा दुसरा टॉवर, सड्यावरच्या टॉवरपासून वीसेक अंशांवर, उणे ८६ ने येत होता. ४जीत एका कंपनीचे शेजारचे टॉवर बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. दोन टॉवर जवळपास सारख्याच जोराने कानात बोलायला लागले की राउटरला धड एकही ऐकू येत नाही. अँटेनाचं तोंड साठ-सत्तर अंशांचं, त्यात वीस अंशांवरचे दोघे वेगळे होत नाहीत. आम्ही जितकं उंच गेलो तितका हा बाजार जास्त ऐकू यायला लागला.

पूर्वेला, नदीपलीकडे सहा किलोमीटरवर तिसरा टॉवर होता. अँटेना तिकडे फिरवला, पण राउटर घटकाभराने परत सड्याला जाऊन चिकटायचा, कारण सड्याचा आवाज अँटेनाच्या पाठीमागूनही आत शिरत होता. चांगल्या राउटरमध्ये एकाच टॉवरला कुलूप लावता येतं. यांच्या राउटरमध्ये फक्त बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, निवडता येत होता, आणि तिन्ही टॉवर १८०० वरच. म्हणजे कुलूप आहे, पण तिन्ही दारांना किल्ली एकच.

मग जे यंत्राला जमत नव्हतं ते डोंगराकडून करून घेतलं. मागीलदारी उतरलं की मागे घर, त्यामागे डोंगराचा माथा, आणि समोर दरी उघडी. तिथे गोठ्याच्या भिंतीला पाइपचा तुकडा ठोकून अँटेना पूर्वेला रोखला. सडा आणि महामार्ग दोन्ही बुडाले, उणे ११५ च्या आसपास. नदीपलीकडचा उणे १०१. छपरापेक्षा सतरा डीबी कमी, म्हणजे ताकद पन्नासावा हिस्सा. एसआयएनआर १४. डाउनलोड २४, अपलोड ८. मोबाइलवर मात्र दोनच काड्या, त्यामुळे काकांची समजूत घालताना घाम फुटला. शेवटी सूनबाईने कॉल लावून दाखवला.

अँटेना रोखताना लोक घाई करतात. दहा-पंधरा अंश फिरवायचं, पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग आकडा लिहायचा. राउटर सरासरी दाखवतो. दहा सेकंदांत पुढे गेलात तर मागच्या कोनाचा आकडा नव्या कोनाच्या नावावर चढतो.

केबलबद्दल मी जरा हट्टी आहे. गोठ्यापासून सूनबाईच्या खोलीपर्यंत बावीस मीटर. आरजी-५८ ही बारीक अँटेना केबल टाकली असती तर पंधराच्या वर डीबी गिळली असती, म्हणजे अँटेनाने कमावलेले दहा देऊन वर पदरचे पाच. एलएमआर-४०० ही कमी गिळणारी केबल घेतली तर साडेचारात भागतं, पण ती बोटाएवढी जाड, आणि तिच्या वजनाने राउटरचं एसएमए तोंड (अँटेना जोडायची छोटी पिळाची जागा) उचकटतं. म्हणून राउटरच बाहेर नेला. अँटेनाखाली धूळ-पाणी न शिरणारा आयपी-६५ डबा, मीटरभराचे दोन जम्पर म्हणजे जोडकेबली, आणि खोलीपर्यंत बाहेरच्या उन्हाला टिकणारी कॅट-६ नेटवर्क केबल. शंभर मीटरपर्यंत तिच्यात वेग कमी होत नाही. वीजही तिच्यातूनच न्यायची, पण १२ व्होल्ट थेट पाठवायचे नाहीत. राउटरने एक अँपिअर ओढला की बावीस मीटरवर दीड व्होल्ट वाटेतच जातो आणि ऐन कॉलमध्ये राउटर रिस्टार्ट होतो. खोलीतून २४ व्होल्ट सोडायचे, डब्यात कन्व्हर्टर लावून १२ करायचे. आणि केबल तांब्याचीच घ्यायची. कॅट-६ म्हणून दुकानात बरीचशी तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची मिळते. चाकूने तार खरवडा, पांढरी निघाली तर परत करा. दुकानदार रागावेल, रागावू दे.

कोकणात याखेरीज तीन शत्रू: पाणी, मुंग्या, माकडं. प्रत्येक कनेक्टरवर आधी स्वतःच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप आणि वरून काळी टेप. केबल डब्यात वरून कधीच घ्यायची नाही. खाली झोळ देऊन तळातून आत, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं. तळाच्या भोकांना बारीक जाळी. माकडं केबलला लोंबकळतात, म्हणून ती सगळी पीव्हीसी पाइपातून. मृगाच्या आधी विजा कडाडतात, तेव्हा पाइपला स्वतंत्र अर्थिंग आणि अँटेनाच्या दोन्ही वाटांवर अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. खाली आणण्याआधी, एका पहाटे पाचला छपरावरचा आकडा पाहिला होता. आरएसआरपी तोच, उणे ८४, पण एसआयएनआर १० आणि डाउनलोड १९. संध्याकाळी पुन्हा ३. म्हणजे दोष शेजारच्या टॉवरच्या गोंगाटाचा, की सड्यावरच्या टॉवरवरच्या गर्दीचा? गर्दी वाढली की दोन्ही एकदमच वाढतात, ग्राहकाच्या छपरावरून ते वेगळे काढता येत नाहीत. कंपनीच्या माणसाने महामार्गावरच्या टॉवरचा अँटेना दोन-तीन अंश खाली झुकवला असता तर कदाचित वीस फुटी पाइपच बरोबर ठरला असता. तक्रार केली. हँडसेट बंद करून चालू केला का, असं विचारलं.

जुलैत फोन आला: नेट मंदावलंय. गेलो. उणे १०६, एसआयएनआर ९. कनेक्टर कोरडे, कोन तोच. मग समोर बघितलं. गोठ्यापासून चाळीस मीटरवर शेजाऱ्यांचे साग. एप्रिलमध्ये नुसते खराटे होते, त्यांच्या आरपार दरी दिसत होती. आता सुपाएवढी ओली पानं. पाहणी मी पानगळीत केली आणि पावसाळ्याचा हिशेबच धरला नाही. चाळीस मीटरवर सिग्नलच्या रेषेभोवती अडीच मीटर मोकळे हवेत, नुसती रेषा दिसून भागत नाही. हे मला पाठ होतं, तरीही. साग तोडायचा तर परवानगी लागते, आणि तो शेजाऱ्यांचा.

अँटेना वर चढवला तर सडा पुन्हा डोकं काढणार. म्हणून फूट-फूट वर नेत, प्रत्येक फुटाला एक मिनिट थांबत बघितलं. दहा फुटांवर एसआयएनआर ११, अकरावर १२, बारावर सडा घुसून ७. मग अकरा फुटांवर ठेवून गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्याला, विहिरीच्या बाजूला चार मीटर सरकवला, जिथून दोन सागांच्या मधली फट मिळते: उणे १०२, एसआयएनआर १३. चार मीटर केबल वाढली, ती कॅट-६ असल्याने फरक पडला नाही.

छपरावरचा पाइप तसाच आहे. काका म्हणाले, "भाऊ, तो काढून नेलात तरी चालेल." मी म्हटलं, राहू दे, दिवाळीनंतर पानं गळली की पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही जागांचे आकडे पुन्हा घेऊ.