सगळ्यांचा श्वास वीसच कसा?

भाचीची नर्सिंगच्या फर्स्ट इयरची परीक्षा आलीये, म्हणून रविवारी ती परळच्या हॉस्टेलवरून आमच्याकडे कळव्याला आली, मावशी फंडामेंटल्सची रिव्हिजन घे ना म्हणून. वही बघितली तर चार रंगांचे हायलायटर, मिनिटाला पल्स ६० ते १००, श्वास १२ ते २०, सगळं तोंडपाठ. म्हटलं बरं, आता माझी पल्स काढून दाखव. तर बाईसाहेबांनी मनगटावर अंगठाच ठेवला! अगं अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात, मग पेशंटची मोजतेयस की तुझी? मधली दोन-तीन बोटं ठेव, आणि इतकं दाबू नको की नाडीच गायब होईल.

मग म्हणाली, "आता तुझे श्वास मोजते हं." झालं, तिथेच गेले मार्क. सांगितलं की माणूस लगेच नीट, सावकाश श्वास घ्यायला लागतो. म्हणून पल्स झाली तरी हात सोडायचा नाही, तसाच धरून ठेवायचा आणि नजर गुपचूप छातीपोटाकडे, पूर्ण एक मिनिट.

हे एवढं ताणायचं कारण म्हणजे वॉर्डात सगळ्यात खोटं काय लिहिलं जात असेल तर हेच. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, पल्स, श्वास लिहायचा कागद, उघडा, २०, २०, २०, अख्ख्या वॉर्डाचा श्वास एकसारखा. आणि मी काय वेगळी होते? स्टुडंट असताना मेडिकल वॉर्डात नाइट होती, खिडकीजवळच्या कॉटवरच्या काकांना ताप नव्हता म्हणून मी न बघताच २० लिहून पुढे गेले. इनचार्ज सिस्टर राउंडला आल्या, चार्ट बघितला, ओरडल्या वगैरे नाहीत, हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, म्हणाल्या मोज. ३४ आले. परत मोजले, परत ३४. काका दोन शब्द बोलून थांबत होते, नाकपुड्या फुलत होत्या, आणि हे सगळं मी पाच मिनिटांपूर्वी तिथेच उभी असताना पण चाललेलं असणार ना. सिस्टरनी पलंगाचं डोकं वर केलं, डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लागला. काका नंतर चालत घरी गेले, पण तो चार्टवरचा माझ्या अक्षरातला २० अजून डोळ्यासमोर येतो.

बीपीचं पण तेच, मशीनपेक्षा घाई जास्त चुकवते. जाड दंडाला छोटा कफ, म्हणजे मशीनचा पट्टा, बांधला की आकडा उगाच जास्त येतो, हात लोंबकळत ठेवला तरी जास्त. आणि आपल्या मुंबईत पेशंट गर्दीतून उतरून, ब्रिज चढून धापा टाकत ओपीडीला येतो, त्याला पाच मिनिटं बसू तरी द्या की!

सलाईनचं गणित मात्र तिला पटकन जमलं. ५०० मिली, ८ तास, सेट (सलाईनची नळी) २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीत २० थेंब पडणारा, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण २१ थेंब. फक्त सेटच्या पाकिटावर किती थेंबांचा आहे ते वाचायचं, मायक्रो, म्हणजे बारीक थेंबांचा, असेल तर ६०. आणि थेंब एकदा लावून विसरायचं नाही, कारण लवकर संपेल म्हणून नातेवाईक हळूच नळीवरचं ते चाक फिरवतात, आणि विचारलं तर कोणीच हात लावलेला नसतो.

बेडसोअरवर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांवर, दर दोन तासांनी कूस बदलणे एवढंच लिहिलं होतं तिने. कूस बदलताना माकडहाड आणि टाचा बघायच्या, लाल जागा बोटाने दाबून बघायची, पांढरी नाही पडली तर तिथे सुरुवात झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही नीट, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का बघायचं.

संध्याकाळी स्लो लोकलने परत गेली. भांडुपच्या आसपास मेसेज आला, "समोरची बाई झोपलीये, १६, पूर्ण मिनिट मोजले." मी लिहिलं, पंख्याने पदर हलतोय, तो नाही ना मोजलास? थोड्या वेळाने आलं, "थांब परत मोजते."