टापांचा ठेका फोनमध्ये उतरवताना

सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. आमचं गाव शहादा तालुक्यातलंच, त्यामुळे टापांचा आवाज लहानपणापासून कानात बसलेला. मोबाइलसाठी घोड्यांच्या शर्यतीचा गेम करायला घेतला तेव्हा एक गोष्ट मनात पक्की होती: घोडा चौखूर उधळला की त्याच्या टापा खेळणाऱ्याच्या तळहाताला कळल्या पाहिजेत.

गेम युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यात फोन थरथरवायला एका ओळीची सोय आहे, हँडहेल्ड.व्हायब्रेट. अँड्रॉइडवर ती साधारण अर्धा सेकंद चालते. किती वेळ, किती जोरात, हे आपल्याला ठरवता येत नाही. मी तीच ओळ लावून फोन नानांच्या हातात दिला. नाना म्हणजे माझे काका. उमेदीच्या काळात त्यांनी घोडी पाळली, बाजारात नेली. थोडा वेळ फोन धरून बसले आणि म्हणाले, "घोडं असं पयत नही रे भाऊ." मग खाटेच्या लाकडावर बोटांनी वाजवून दाखवलं. मागचे दोन पाय, पुढचे दोन पाय, आणि मग रिकामी जागा. भरधाव घोड्याचे चारही पाय क्षणभर हवेत असतात, ती ही जागा. मला ती फोनमध्ये हवी होती.

म्हणजे थेट अँड्रॉइडशी बोलणं आलं. जावा भाषेत एक छोटा क्लास, म्हणजे कोडचा तुकडा, लिहिला, प्रोजेक्टच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाकला आणि गेमच्या सी-शार्प भाषेतल्या कोडमधून त्याला हाक मारली. युनिटीची जुनी ओळ आता नको म्हणून काढून टाकली. बिल्ड, म्हणजे फोनमध्ये टाकायचं तयार ॲप, झाला, फोनमध्ये गेला, आणि पहिल्याच टापेला फोन गप्प. लॉगकॅट, म्हणजे अँड्रॉइडची नोंदवही, उघडल्यावर दिसलं: सिक्युरिटी एक्सेप्शन, व्हायब्रेटची परवानगी नाही. कोडमध्ये हँडहेल्ड.व्हायब्रेट दिसली की युनिटी ही परवानगी मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, स्वतःच घालते. मी ओळ काढली, तिच्याबरोबर परवानगीही गेली. मॅनिफेस्टमध्ये हाताने एक ओळ घातली आणि काम झालं. ही परवानगी साध्या गटातली आहे, त्यामुळे खेळणाऱ्याला काही विचारावं लागत नाही.

आता ठेका. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून व्हायब्रेशन-इफेक्ट मिळतो, त्यात मिलिसेकंदांची यादी देता येते. त्याआधीच्या फोनसाठी जुनी पद्धत वेगळी ठेवावी लागते, ती ठेवली. मी हिशेब मांडला: प्रत्येक टाप ३५, दोन टापांमध्ये ४५, आणि हवेतली जागा १७५. पूर्ण झेप ४५० मिलिसेकंदांची. चालवून पाहिलं तर सगळं उलटं. घोडा हवेत असताना फोन सर्वांत जास्त थरथरत होता. संध्याकाळ त्यात गेली. कारण एवढंच, की नुसती वेळांची यादी दिली तर पहिला आकडा थांबण्याचा धरला जातो, थरथरण्याचा नाही. यादीच्या सुरुवातीला ० घातला आणि टापा जागेवर आल्या. यादी पुन्हा पुन्हा चालावी म्हणून शून्याव्या घरापासून आवर्तन लावलं होतं. शर्यत संपल्यावरही टापा चालूच राहिल्या, तेव्हा कळलं की कॅन्सल आपणच म्हणायचं असतं. शर्यत संपताना आणि गेम मागे जाताना, दोन्ही ठिकाणी ते घातलं.

लोकांना द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये आणखी एक अडचण आली. माझा जावाचा क्लासच गायब! बिल्ड लहान करणारं साधन न वापरलेला कोड कापून टाकतं, आणि सी-शार्पमधून नावाने मारलेली हाक त्याला दिसत नाही. त्या साधनाला सूचना देणाऱ्या प्रोगार्डच्या फाइलमध्ये 'हा क्लास ठेवा' असा नियम लिहिला.

खरा वेळ गेला तो नानांच्या जुन्या, स्वस्त फोनवर. माझ्या फोनवर चार टापा सुट्या कळत होत्या, त्यांच्या फोनवर नुसती घरघर. तशा फोनमध्ये दांड्यावर एका बाजूला वजन लावलेली छोटी मोटर असते. तिला वेग घ्यायलाही वेळ लागतो आणि थांबायलाही. ४५ मिलिसेकंदांत ती थांबतच नाही, सगळ्या टापा एकमेकींत मिसळतात. महागड्या फोनमध्ये पुढे-मागे हलणारी यंत्रणा असते, ती पटकन चालू-बंद होते. आमच्याकडे शेतात, बसस्टँडवर बहुतेकांच्या हातात नानांसारखेच फोन दिसतात, त्यांना सोडून गेम करणं मला पटेना. फोनला जोर कमी-जास्त करता येतो का, हे हॅज-ॲम्प्लिट्यूड-कंट्रोल विचारून कळतं. नसेल तर तो साधा मोटरवाला फोन असं मी धरतो. हा अंदाज नेहमी बरोबर येईलच असं नाही, पण माझ्याकडच्या फोनांवर चालला. अशा फोनवर चारऐवजी दोनच टापा देतो, मागच्यांची एक आणि पुढच्यांची एक, दोन्ही लांब, मध्ये भरपूर जागा. चार पायांचा तपशील जातो, हवेतली जागा मात्र राहते.

आयफोनचं काम अजून व्हायचं आहे. तिथे आयओएस १३ पासून थरथर घडवण्यासाठी कोअर हॅप्टिक्स आहे, पण हाताशी आयफोन नाही, आणि हे काम फोन हातात धरल्याशिवाय होत नाही.

गेल्या रविवारी नानांनी माझा फोन डोळे मिटून धरला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढला पाय जराक उशिरा पडस." शेवटच्या दोन टापांमधलं अंतर मी ४५ वरून ३५ केलंय. उद्या त्यांना पुन्हा दाखवायचं आहे.