आमची वाटचाल : फोंड्याच्या लग्नमंडपांतून

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, नागेशी, कवळे. गोव्यातली एवढी मोठी देवस्थानं फोंडा तालुक्यात हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तुळशीचं लग्न लागलं की मे संपेपर्यंत त्यांच्या आवारात कार्यांची रीघ लागते. बाबांनी १९९०च्या सुमारास फोंड्याच्या बाजारात गाळा भाड्याने घेऊन स्टुडिओ थाटला, तो याच लग्नांच्या भरवशावर. पासपोर्ट फोटोंवर गाळ्याचं भाडं निघायचं. घर चालायचं ते लग्नसराईवर.

तेव्हा एका रोलमध्ये ३६ फोटो बसत. निकॉन एफएम-२, एक फ्लॅश आणि खिशात मोजके रोल एवढ्यावर बाबा अख्खं लग्न निभावत. म्हणून लग्नाच्या आधी ते यजमानांच्या घरी जाऊन बसायचे. देवकार्य कधी, हळद कुठे, मुहूर्त किती वाजताचा, मामा कोण, आत्या कोण, आजी चालू शकते का, गावाकडचे कुळागराचे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीतले, लोक किती वाजता पोचणार, हे सगळं वहीत उतरवायचे. कुठल्या विधीला किती फोटो द्यायचे ते घरातून निघतानाच ठरलेलं असे. आज कार्डात हजारो फोटो मावतात, तरी ती वही आम्ही सोडलेली नाही. लग्नाआधीची ती बैठक झाल्याशिवाय मी आणि माझा भाऊ काम घेत नाही.

गिऱ्हाईक पहिल्या भेटीत बहुतेक वेळा कॅमेरा कुठला वापरता ते विचारतं, आणि मग म्हणतं, आमच्या पुतण्याकडेही चांगला कॅमेरा आहे. असेलही. हल्लीचे मोबाईलसुद्धा सुरेख फोटो काढतात, ते मी अमान्य करत नाही. पण लग्नात फोटोसाठी कोणी थांबत नाही. मंगलाष्टकं संपत येतात, वाजंत्री हात उचलून तयार असतात, आणि अंतरपाट बाजूला होतो तेव्हा वधूवर एकमेकांकडे पाहतात ते जेमतेम दोन-तीन सेकंद. त्याच क्षणी अक्षतांचा मारा सुरू होतो आणि कॅमेऱ्याचा फोकस चेहरा सोडून उडत्या तांदळावर जातो. मागून पाहुण्यांचे मोबाईल वर आलेले असतात. भटजी अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार हे आम्ही आधी त्यांनाच विचारून घेतो, फोकस चेहऱ्यांवर आधीच धरून ठेवतो, आणि आमच्यातला एक वराच्या खांद्यामागे, दुसरा वधूच्या खांद्यामागे उभा राहतो. एकट्या माणसाला दोन्ही चेहरे मिळणं शक्यच नाही. म्हणून दोन छायाचित्रकार लागतात असं आम्ही सांगतो तेव्हा तो बिल फुगवायचा बहाणा नसतो. आणि पुतण्याला त्या वेळी कॅमेऱ्यामागे नव्हे, मंडपात भावाच्या शेजारी उभं राहायचं असतं. त्याला ते करू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मी या धंद्यात उतरले तेव्हा फोंड्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या बायका जवळपास नव्हत्याच. बाबांनी मला आधी चुड्याला पाठवलं. चुडा बहुधा मामाच्या घरी भरतात. बांगड्या भरणारा वधूचा हात हातात घेतो, अंगठा तळव्याकडे दुमडतो आणि हिरवी काकणं एकेक करून चढवतो. शेवटची काकणं चढताना मुलगी ओठ घट्ट मिटते आणि समोर बसलेली मामी तिच्याआधी डोळे पुसते. तिथे सगळा बायकांचा कारभार. कोणाचा पदर खांद्यावर नसतो, कोणी केस विंचरत असतं, कोणी ओव्या म्हणत असतं. परका पुरुष कॅमेरा घेऊन आला की हे सगळं आवरतं, गप्प होतं. मी भिंतीला पाठ लावून खाली बसते, फ्लॅश लावत नाही, खिडकीच्या उजेडावर काम भागवते. थोड्या वेळाने मी तिथे आहे हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींनी आम्हाला निवडलं ते आपल्या बहिणीच्या चुड्याचे फोटो पाहून.

गोव्याच्या हवेचं तंत्र सांभाळणं हा या कामातला न दिसणारा भाग. वातानुकूलित गाडीतून किंवा हॉलमधून लेन्स दमट मांडवात आणली की तिच्यावर तत्काळ वाफ धरते आणि दहा-पंधरा मिनिटं काही दिसत नाही. म्हणून आम्ही लवकर पोचतो आणि बॅग बाहेर उघडून ठेवतो. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी चढते, त्यासाठी दमटपणा काबूत ठेवणारं कपाट घेतलं. त्याचा खर्च कुठल्याही गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाही. हल्ली स्टेजवर जांभळे, गुलाबी एलईडी दिवे लावतात. डोळ्यांना ते छान दिसतात, फोटोत मात्र हळदीचा रंग आणि सोन्याचा रंग दोन्ही मारले जातात. मुहूर्तापुरता तरी चेहऱ्यांवर साधा पिवळसर पांढरा उजेड ठेवा, असं आम्ही सजावटवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवतो. गाभाऱ्यात फोटोला मनाई असेल तर तेही यजमानांना आधीच सांगायचं, म्हणजे ऐन वेळी पुजाऱ्यांशी हुज्जत नको.

ड्रोनचंही तसंच. सगळ्यांना वरातीचं वरून चित्रण हवं असतं. पण ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळांच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. आपला दाबोळी विमानतळ तर नौदलाच्या तळावर आहे, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला. वास्कोकडचं किंवा पेडण्याकडचं लग्न असेल तर आम्ही हवाई क्षेत्राचा नकाशा पाहूनच होकार देतो. लग्नाच्या दिवशी वधूपित्याला पोलिसांपुढे उभं राहावं लागू नये, एवढी काळजी व्यावसायिकाने घ्यायलाच हवी.

‘एका दिवसाचे एवढे पैसे?’ हा प्रश्न मला राग आणत नाही. लोकांना एकच दिवस दिसतो. त्या दिवसाचे तीन-चार हजार फोटो, त्यांतून निवड, दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवणं, अल्बमची मांडणी, मग घरच्यांनी सुचवलेले बदल, यात कित्येक आठवडे जातात. फोटो सांभाळणं हे तर पुढे वर्षानुवर्षांचं काम. आमच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात. त्याच रात्री झोपण्याआधी दोन हार्ड डिस्कवर प्रती होतात, आणि त्यांतली एक स्टुडिओत न ठेवता भावाच्या घरी वरच्या मजल्यावर ठेवतो.

२३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला आणि सत्तरी, डिचोली, फोंडा भागात शेकडो घरांचं नुकसान झालं. पाणी ओसरल्यावर सत्तरीतली एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत लग्नाचा अल्बम घेऊन आली. पानं फुगून एकमेकांना चिकटलेली, वर चिखलाचा थर. “हे सुटतील का बघ गे,” एवढंच म्हणाली. ती पानं सुटणार नव्हती. पण तिच्या लग्नाचे मूळ फोटो आमच्या डिस्कवर जसेच्या तसे होते. संगणकावर तिला तिचे सासरे दिसले, अंगणातली तुळस दिसली, पडलेल्या घराची ओसरी दिसली. अल्बम आम्ही नव्याने छापून दिला, पैसे घेतले नाहीत. त्या आठवड्यात अशी आणखीही माणसं आली.

फोटोग्राफर ठरवताना लोक निवडक पन्नास सुंदर फोटो पाहतात. माझं सांगणं असं, की एका लग्नाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा पूर्ण अल्बम मागा. पंगतीचे, झाल करतानाचे, रात्री उशिराच्या गृहप्रवेशाचे फोटो कसे आलेत ते बघा. दुसरा माणूस कोण येणार, त्याला नावानिशी विचारा. प्रती किती आणि किती वर्षं ठेवता, हे लेखी घ्या. आमच्याकडे या, दुसऱ्याकडे जा, हे प्रश्न मात्र विचारा.

सध्या आम्ही बाबांच्या काळातल्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या आहेत. पाकिटांवर त्यांच्या अक्षरात तारीख आणि मांडवाचं ठिकाण लिहिलेलं आहे, त्यामुळे तेवढं सांगितलं तरी शोधता येतं. आईवडिलांच्या लग्नाचे फोटो खराब झाले असतील, हरवले असतील, तर जून ते सप्टेंबरच्या दरम्यान या. तेव्हा मुहूर्त फारसे नसतात, आणि आम्हाला निवांतपणे शोधायला वेळ मिळतो.