ग्रुप थेरपी: जागा मिळेपर्यंतचा माझा अनुभव

ग्रुप थेरपीत, म्हणजे थेरपिस्टसोबत काही पेशंट एकत्र बसून आपापल्या मनातलं बोलतात तिथे, बसल्यावर काय होतं ते बऱ्याच जणांनी सांगितलंय, पण बसायला मिळेपर्यंत काय होतं ते मला कुठेच वाचायला मिळालं नाही आणि माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं, म्हणून लिहितेय.

डॉक्टरांनी सुचवलं, मी हो म्हटलं, थेरपिस्टनी आधीची मुलाखत घेतली. सगळं सुरळीत. "तुम्ही ग्रुपमध्ये बसू शकाल, कळवतो" म्हणाले, आणि त्यानंतर काहीच नाही.

फोन केला की रिसेप्शनवरून ठरलेलं उत्तर, "मॅडम, तुमचं नाव लिस्टमध्ये आहे." कितवं आहे, ग्रुप कधी सुरू होणार, कशासाठी अडलंय, काही नाही. एकदा म्हणाले लोक जमले नाहीत अजून, नंतर दुसरंच कोणीतरी म्हणालं ग्रुप फुल आहे. अहो, फुल आहे की जमले नाहीत? मला तर वाटायला लागलं की मुलाखतीत मला नापास केलंय आणि तोंडावर सांगायचं टाळतायत. लोक आपल्याला टाळतात हाच ज्याचा त्रास, त्याला असं लटकवून ठेवायचं! याचा राग माझा अजून गेलेला नाही.

शेवटी थेरपिस्टनाच गाठलं तेव्हा कळलं की दोन्ही उत्तरं खरी होती. चालू ग्रुप क्लोज्ड होता, म्हणजे सुरू झाल्यावर मधेच कुणाला घेत नाहीत, आणि नव्यासाठी माणसं कमी पडत होती. साधारण सात-आठ जण लागतात, पाचाच्या खाली गेलं की लोक आपापसात बोलायचे कमी होतात आणि एकेक जण थेरपिस्टशीच बोलत बसतो. सुरुवातीला गळती होते म्हणून एखाददुसरा जास्तच घेतात. जो आत्ता मोठ्या संकटात आहे, ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार जोरात आहेत, त्याला बहुतेक वेळा आधी एकट्याची मदत देतात, म्हणजे नुसती डोकी मोजून भागत नाही. हे सगळं मला पटलं. मग पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती?

म्हणून तुम्ही मुलाखतीतच विचारून घ्या, ग्रुप ओपन की क्लोज्ड, किती जण अजून हवेत, तोवर एकट्याचे सेशन मिळतील का, आणि कळवणार नक्की कोण. रिसेप्शनवर अवलंबून राहू नका.

वाट बघताना ग्रुप थेरपीबद्दल वाचत बसले होते. 1905 मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ प्रॅट यांनी टीबीच्या गरीब पेशंटना एकत्र बसवायला सुरुवात केली, हेतू आजाराची काळजी कशी घ्यायची ते शिकवायचा, पण पेशंटना एकमेकांचाच धीर यायला लागला. पुढे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी ग्रुपने बरं वाटण्याची 11 कारणं मांडली, त्यातलं एक म्हणजे 'हे फक्त मलाच होत नाही' हे कळणं. वाचताना मला ते पुस्तकी वाटलं होतं.

ग्रुप सुरू झाल्यावर मी हा वेटिंगचा राग तिथेच काढला, थेरपिस्टच्या समोर. त्यांनी स्वतःची बाजू न मांडता "अजून कुणाला असं वाटलं होतं का?" एवढंच विचारलं, तर समोरचे एकजण म्हणाले, मला पण वाटलं होतं मी नापास झालो. मग आणखी दोघं बोलले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं! थेरपिस्टवर चिडलात तर ते घरी नेऊ नका, ग्रुपमध्येच बोला, ते बोलणं हाच थेरपीचा भाग आहे.

अजून एक राहिलं, गुप्ततेचं. थेरपिस्ट व्यवसायाच्या नियमांना बांधील असतात, बाकीच्यांचा फक्त शब्द असतो, त्यामुळे कुणी बाहेर बोललं तर काय करायचं हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर ठरवून घ्या. आणि सोडायचं झालं तर गुपचूप यायचं बंद करू नका, एक सेशन येऊन सांगून जा, मागे राहिलेल्यांना आपलंच काही चुकलं असं वाटत राहतं.