शेऱ्याचा रकाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला, तेव्हा 'शाळेने मला काय दिलं' हा विषयही सोबत आला. माझ्या वर्गातले निम्मे जण यावर शिस्त लिहितील आणि उरलेले संस्कार. (शिस्त लिहिणाऱ्यांना मी मधल्या सुट्टीत पाहिलेलं आहे, पण ते असो.) मला शाळेने एक रकाना दिला. वाचनाच्या नोंदवहीतला शेवटचा, उजव्या हाताचा. त्याच्या डोक्यावर 'शेरा' असं लिहिलेलं असायचं.

आताच्या मुलांसाठी थोडं सांगते. आठवड्यातून एकदा ग्रंथालयाचा तास असायचा. त्या तासाला मागचं पुस्तक परत करायचं, नवं घ्यायचं आणि नोंदवही बाईंच्या टेबलावर ठेवायची. वहीत पाच रकाने: तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, शेरा. पहिले चार पुस्तक पाहून भरता यायचे, न वाचताही. पाचव्यात बहुतेक जण 'पुस्तक छान व बोधप्रद आहे' असं लिहून मोकळे व्हायचे. आमच्या वर्गातल्या एकाने शब्दकोश नेला होता, त्याच्यापुढेही त्याने 'बोधप्रद' लिहिलं. तसं पाहिलं तर त्याचंच बरोबर होतं.

माझ्या वहीतली एक नोंद अजून माझ्याकडे आहे. पाचवीतलं अक्षर, त्यामुळे ओळी उजवीकडे चढत गेल्यात. "पान ३२ पर्यंत आले. मग मनी येऊन पुस्तकावर बसली. उठवली की परत बसते. आजी म्हणाली बसू दे तिला, पोटुशी आहे. म्हणून पुस्तक अर्धेच झाले." त्याखाली बाईंच्या लाल शाईत: "पिल्ले किती झाली? पुढील आठवड्यात लिहिणे."

तीन झाली. ती बातमी पुढच्या आठवड्यात शेऱ्यात गेली, सोबत दोन काळी आणि एक ठिपक्याठिपक्यांचं असा तपशीलही. पुस्तकाचं नाव मात्र त्या ओळीत दिसत नाही. ते मागच्याच ओळीत आहे, कारण पुस्तक तेच होतं.

ग्रंथालयाच्या या बाई कडक होत्या. पान दुमडलं की त्या ते सगळ्यांसमोर उलगडायला लावायच्या, नखाने, हळूहळू, घडी पूर्ण सपाट होईपर्यंत. पुस्तक दाखल झालं की त्या शीर्षकपानावर शिक्का मारायच्या आणि आत कुठेतरी आणखी एक. ते आतलं पान सगळ्या पुस्तकांत एकच असायचं आणि ते कोणतं हे कुणाला सांगायचं नाही असा नियम होता. पुस्तक चोरीला गेलं, शीर्षकपान फाडलं, तरी ते कुणाचं हे आतल्या शिक्क्यावरून सिद्ध करता येतं. आम्ही ते पान शोधून काढलं होतं. बाईंना हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

मांजरही तेच करतं, हे मला फार नंतर कळलं. मांजराच्या गालांवर आणि हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. पुस्तकाच्या कोपऱ्यावर ते गाल घासतं तेव्हा त्याला लाड आलेला नसतो, ते शिक्का मारत असतं. आपल्या नाकाला तो कळत नाही, इतकंच. वर बसण्याचं कारण त्याहून साधं. मांजराला आपल्यापेक्षा बरीच जास्त ऊब लागते; तापमान तिसाच्या वर गेलं की त्याला खरं आरामशीर वाटायला लागतं. दिव्याखालची, वाचणाऱ्याच्या मांडीवरची जागा त्याला ती ऊब देते. शिवाय घरातलं माणूस ज्याच्याकडे एकटक बघतंय ती वस्तू महत्त्वाची असणार, एवढा हिशेब ते करतंच, असं माझं मत आहे.

ग्रंथालयाच्या दारावर रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुठ्ठ्यावर लिहून लावलेले होते. शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. हे नियम त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पहिला, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. पाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाचवा नियम माझ्या सासूबाईंना आमच्या बैठकीच्या खोलीकडे बघून पूर्ण पटलेला आहे. चौथ्याला आमच्या घरातल्या एकाही प्राण्याने कधी मान्यता दिलेली नाही, आणि प्राण्यांत मी मुलीलाही धरते.

दुसरी मोठी गंमत होती पुस्तकांच्या कण्यावरच्या आकड्यांची. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळं ज्ञान दहा वर्गांत मांडलं आणि पुढे दशांशचिन्ह देऊन हवं तितकं चिरता येईल अशी सोय केली. बाईंनी आम्हाला ते शिकवलं, पण एकदा आमच्या मनीमुळे अडचण झाली. वाघ, सिंह, बिबट्या यांची पुस्तकं ५९९ मध्ये, प्राणिशास्त्रात. मी मांजराचं पुस्तक तिथेच शोधत राहिले. ते मिळालं ६३६.८ मध्ये, म्हणजे ६०० च्या तंत्रज्ञानाच्या वर्गात, शेतीच्या पोटात, पशुपालनाखाली. शेजारी ६३६.७, कुत्री. थोडं अलीकडे ६३६.२, गाईम्हशी. गाईम्हशींचं समजू शकते. पण आमच्या मनीला, जिने उभ्या आयुष्यात एक उंदीरही धरला नाही, उपयुक्त जनावरांत बसवणाऱ्याने मांजर पाळलेलं नसावं असं मी त्या आठवड्याच्या शेऱ्यात लिहिलं. बाईंनी खाली लिहिलं, "शक्य आहे."

कुटुंब ३०६.८ मध्ये असतं, समाजशास्त्रात. मराठी साहित्य ८९१.४६. ग्रंथालयात मांजर, कुटुंब आणि साहित्य या तिघांच्या मध्ये कितीतरी कपाटं येतात. आमच्याकडे तिन्ही एका सोफ्यावर असतात आणि जागेवरून भांडतात.

माझा धाकटा भाऊही याच शाळेत होता. तो अडखळत वाचायचा. जोडाक्षर आलं की थांबायचा, समोरचं कोणीतरी शब्द पुरा करून टाकायचं आणि मग तो पुढे वाचायचाच नाही. घरी आम्ही सगळेच शब्द पुरे करणारे. मोतीला मात्र ती खोड नव्हती. भाऊ संध्याकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसून मोतीला गोष्टी वाचून दाखवायचा आणि मोती पुढच्या पायांवर हनुवटी टेकून ऐकायचा. 'स्वातंत्र्य' या शब्दाला भावाला बराच वेळ लागायचा, मोती तोवर थांबायचा. कान तेवढा हलायचा, तो माशीमुळे. आईला हे आधी विचित्र वाटलं होतं. माझ्या त्या आठवड्याच्या शेऱ्यात आहे: "भावाने मोतीला पूर्ण गोष्ट वाचून दाखवली. मी दाराआडून ऐकली. शेवट मोतीला कळला नसावा पण भावाला कळला." पुढे वाचनात आलं की अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ पासून एक संस्था हे काम रीतसर करते. प्रशिक्षित कुत्रं आणि त्याचा सांभाळणारा शाळेत किंवा ग्रंथालयात येतात आणि मूल त्या कुत्र्याला वाचून दाखवतं. कारणही तेच सांगतात: कुत्रं चूक काढत नाही, घाई करत नाही आणि हसत नाही. भावाला हे कळवलं तेव्हा तो म्हणाला, मोतीला प्रशिक्षण नव्हतं गं. भाऊ आता वकील आहे आणि कुणी मध्ये बोललेलं त्याला अजूनही चालत नाही.

मोती पिल्लू असतानाची एक हकिगत इथे सांगायलाच हवी. कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, आणि मग चपलेपासून टेबलाच्या पायापर्यंत सगळं चावण्याजोगं वाटतं. मामा आमच्याकडे राहायला आला होता. त्याचा पक्ष्यांवरचा जाडजूड ग्रंथ त्याने खाटेखाली ठेवला. सकाळी बांधणीचा खालचा कोपरा ओला होता आणि सूचीचं शेवटचं पान घरात कुठेच नव्हतं. मामा दिवसभर कुणाशी बोलला नाही. मोती त्याच्याच पायाशी बसून होता. जॉन स्टाइनबेक यांच्या पिल्लाने १९३६ साली त्यांच्या चालू कादंबरीच्या हस्तलिखिताचा निम्मा भाग फाडून टाकला होता, दोन महिन्यांचं काम गेलं. त्यांनी पत्रात लिहिलं की बिचाऱ्याने कदाचित समीक्षा म्हणून तसं केलं असेल. हे मी मामाला सांगितलं, पण तेव्हा बरीच वर्षं उलटली होती आणि त्याला हसू आलं नाही.

तर, रकाना. शाळा सुटली, नोंदवह्या बंद झाल्या, आणि दोन-तीन आठवड्यांतच माझ्या लक्षात आलं की वाचलेलं लिहिलं नाही तर चालतं, पण वाचताना जे घडलं ते कुठेतरी टाकल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हापासून दर रविवारी लिहिते. पहिले चार रकाने आता एका ओळीत आटोपते, सगळी वही शेऱ्याची. अलीकडच्या काही नोंदी उतरवते. हात लावलेला नाही, फक्त नावं काढली आहेत.

*

या आठवड्यात सासूबाईंनी रहस्यकथा घेतली आणि नेहमीप्रमाणे शेवटचं प्रकरण आधी वाचलं. खुनी कोण ते कळलं की निवांत वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांच्यापुरतं ठेवतील तर ना. मी पाठोपाठ तेच पुस्तक घेणार होते. आता व्याकरणाचं घेतलं आहे.

*

हे पेपर मोठ्याने वाचतात, सगळा, निविदांसकट. मी सांगितलं की चौथ्या शतकात मिलानच्या बिशप अँब्रोजना ओठ न हलवता वाचताना पाहून ऑगस्टिनला नवल वाटलं होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं. म्हणजे डोळ्यांनी वाचता येतं ही गोष्ट जगाला सोळाशे वर्षं माहीत आहे. यांनी ऐकून घेतलं आणि पाणीकपातीची बातमी पहिल्यापासून वाचली. बोका उठून गेला.

*

कपाट काढलं. खालच्या कप्प्यात कसर. चंदेरी, पंख नसलेली, दिवा लावला की पळणारी. हिला कथेत रस नसतो, बांधणीच्या खळीतल्या स्टार्चमध्ये असतो, आणि दमट जागा मिळाली की झालं. पुस्तकं काढून हवेशीर मांडली. बोक्याने प्रत्येकावर बसून पाहिलं. ऐतिहासिक कादंबऱ्या सर्वांत मोठ्या, तिथे मुक्काम केला. काम संध्याकाळपर्यंत लांबलं, कारण मधल्या काळात मीही दोन पुस्तकं घेऊन बसले.

*

मुलगी ऐकून वाचते. कानात बोळे, हातात कुत्र्याचा पट्टा, चालता चालता कादंबरी संपते. मी म्हटलं हे वाचन नव्हे. ती म्हणाली, आजीने तुला गोष्टी सांगितल्या त्या मग काय होत्या? उत्तर सुचलं नाही. कुत्र्याचा फायदा झाला आहे: गोष्ट रंगात असली की फेरी लांबते. शुक्रवारी दोघं तासभर उशिरा आली आणि मुलीचे डोळे लाल होते. कोण मेलं, विचारलं. "तू ऐकणार आहेस ना, मग सांगत नाही." सासूबाईंकडून हिने काही घेतलं नाही, हे बरं झालं.

*

दुब्रॉवनिकच्या अभिलेखागारात पंधराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्याच्या पानावरून मांजर शाईचे पाय घेऊन चालत गेलंय. चार ठसे स्वच्छ दिसतात. लेखनिकाने पान फेकलं नाही. आमच्या बोक्याला हे चित्र दाखवलं. त्याने पडद्याच्या कोपऱ्याला गाल घासला.

*

जुनं पुस्तक उघडलं की सासूबाई आधी वास घेतात. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन असतं, हवा आणि उजेड लागून ते मोडत जातं, म्हणून पान पिवळं पडतं आणि तो गोडसर वास सुटतो. त्यात व्हॅनिलिनही असतं, व्हॅनिलाला वास देणारं. म्हणजे आपण हुंगतो ते पुस्तकाचं झिजणं. हे मी त्यांना सांगणार होते, पण त्या छान डोळे मिटून बसल्या होत्या. राहू दिलं.

*

महोत्सवानिमित्त प्रत्येक माजी विद्यार्थ्याने ग्रंथालयाला एक पुस्तक द्यावं, असं आवाहन आहे. मामाने त्याचा पक्षिग्रंथ मला कधीच देऊन टाकलाय. ५९८ मध्ये शाळेकडे फारसं काही नाही, म्हणून तोच द्यायचं ठरवलं. आताच्या ग्रंथपाल बाईंना फोन केला आणि सूचीचं शेवटचं पान नसल्याचं आधीच सांगितलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय गेलंय? 'स' आणि 'ह'. म्हणजे साळुंकी, सुगरण, सुतार, हळद्या. पक्षी आत सगळे आहेत, फक्त कुठल्या पानावर ते सापडत नाही. त्या म्हणाल्या, चालेल, पण मुलं सगळ्यात आधी साळुंकीच शोधतात हो.

मामाला विचारलं. तो म्हणाला, खुशाल दे, पण तेवढ्यांचे पानक्रमांक पेन्सिलीने मागच्या कोऱ्या पानावर लिहून दे. पेनाने नको. आज बसले होते. सुगरणीपर्यंत झालं आहे. बाकीचं बोका उठला की.