कोना सराव नोंद: मार्लिन (भाल्यासारख्या चोचीचा मोठा समुद्री मासा) गळाला लागल्यावर बोट कशी हाकायची

हवाईतल्या कोना किनाऱ्यावर हुआलालाई आणि माउना लोआ वारा अडवतात, म्हणून सकाळचं पाणी बहुधा शांत मिळतं. बोट रिव्हर्समध्ये हाकायचा सराव इथेच करावा. लाईन 80 पौंडी (म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी), ड्रॅग (लाईन सुटताना रिळाचा ब्रेक) त्याच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साधारण 12 किलो.

बसलेली सवय: मासा लागला की थ्रॉटल लगेच खाली आणायचा नाही. ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं) 8 नॉटला चालू असतं. एकदम थांबलं की लाईन सैल पडते आणि मार्लिन मान झटकून गळ फेकतो. टीझर (माशाला खेचायला मागे सोडलेली बिनगळाची आमिषं) व बाकीच्या लाईनी आत येईपर्यंत बोट पुढेच.

रिव्हर्सला लागण्याआधी ट्रान्समचं (बोटीच्या मागच्या भिंतीचं) दार बंद आणि कॉकपिटची (मागच्या उघड्या डेकची) पाणी जाण्याची भोकं मोकळी, हे दरवेळी. सरळ मागे गेलं तर लाटा थेट कॉकपिटमध्ये येतात. शिवाय मासा उलटून बोटीकडे आला तर लाईन तळाखाली जाते. मासा मागच्या कोपऱ्यापासून 45 अंशांवर ठेवला की दोन्ही टळतं, आणि गरज पडल्यास पुढे निसटायला वाट राहते.

अजून चुकतंय ते लाईनीच्या झोळाचं, म्हणजे पाण्यात तिला पडणाऱ्या बाकाचं. मासा डावीकडे उड्या मारतो, लाईन मात्र उजवीकडे पाण्यात शिरलेली असते. नजर उडीकडे जाते (जाणारच!), पण बोट जायला हवी लाईन शिरते तिकडे. झोळाला पाण्याचा ओढा बसतो तो ड्रॅगच्या वर. त्यात लाईन सुटत जाऊन स्पूलवरच्या (रिळावरच्या) गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की ड्रॅगचा ताण दुप्पट, म्हणजे 24 किलो. 80 पौंड म्हणजे जेमतेम 36 किलो. म्हणून लाईन जास्त गेली की ड्रॅग कमी करायचा, वाढवायचा नाही.

मासा खोल गेला तर बोट बरोबर त्याच्या वर उभी ठेवून ओढणं फुकट. हळू 20-30 मीटर पुढे जाऊन कोन तिरपा करायचा, मग मागे येत गुंडाळायचं.

लीडर (गळाजवळचा जाड दोर) हातात आला की न्यूट्रल नको. संथ पुढे, सुकाणू किंचित माशाच्या बाजूला, म्हणजे बोटीची मागची बाजू आणि पंखे त्याच्यापासून दूर जातात. इगफाच्या (आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन) नियमात लीडर आणि त्याआधीची दुहेरी केलेली लाईन मिळून जास्तीत जास्त 40 फूट, म्हणजे मासा अगदी जवळ असतो, त्यामुळे इथे चुकायला जागा थोडी.

पुढचा सराव: पुढून रिव्हर्सला जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबणं. घाईत ते राहतं आणि गिअरबॉक्स दणका खातो.