बटणं चालतात, सोलां नाहीत

नोटीस आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत रातांब्याच्या (कोकमाच्या फळांच्या) रसात होते. त्यामुळे 'रहिवास विभागात विनापरवाना औद्योगिक वापर' या ओळीवर आता माझ्या अंगठ्याचा लालभडक ठसा आहे, नगरपरिषदेच्या शिक्क्याच्या बरोबर शेजारी.

उद्योग म्हणजे काय, तर सोलां, म्हणजे आमसुलं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, त्या रसात मीठ घालायचं आणि सालं बुडवून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उन्हाला टाकायची. संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. अशी पाच-सहा पुटं बसली की साल काळपट, चिवट होतं. मधेच मळभ आलं तर बुरशी धरते, की सगळी मेहनत पाण्यात. यंत्र एकही नाही. वीज लागते ती रात्री खळ्यातला दिवा लावायला. सासूबाई याच खळ्यात हेच करायच्या. तेव्हा समोर माड होते. आता चार मजली इमारत आहे आणि तिथल्या गॅलऱ्यांत चिलटं जातात. तक्रार खोटी नाही, आंबूस वास येतोच.

नोटीस घेऊन मी सर्वसाधारण सभेला जाऊन बसले. त्या दिवशी नेमका जमीन वापराचाच विषय होता. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याचा पट्टा विकास आराखड्यात पिवळा, म्हणजे रहिवास. तो निळा, म्हणजे वाणिज्य करायचा ठराव. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हा फेरबदल नगरपरिषद सुचवू शकते. ठराव करायचा, राजपत्रात नोटीस द्यायची, महिनाभर हरकती घ्यायच्या, सुनावणी करायची आणि मग मंजुरीला शासनाकडे पाठवायचं. तासभर नुसत्या रंगावर भांडण चाललं. एक वयस्क नगरसेवक मधेच म्हणाले, रंग कुठलाही द्या, सीआरझेड दोनमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या आधीच वस्ती झालेल्या नियंत्रित पट्ट्यात, रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला नवी इमारत होत नाही. क्षणभर सगळे गप्प झाले. मग पुन्हा सुरू.

मला राहवेना. चहाच्या सुट्टीत नगररचनेच्या अभियंत्यांना विचारलं, माझा गुन्हा नक्की कुठल्या ओळीत आहे? सज्जन माणूस. त्यांनी मोबाइलवर नियमावली उघडून दिली. रहिवास विभागात घरगुती व्यवसाय चालतो, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. घरातल्या माणसांनी, मजूर न लावता करायचा. मोटार वापरली तर ०.७५ किलोवॅटच्या आत, म्हणजे एक हॉर्सपॉवर. उदाहरणं काय? शिवणकाम, भरतकाम, बटणं बनवणं 'इत्यादी'.

बटणं! मी दोनदा वाचलं.

हे मागच्या बाकावर ऐकू गेलं आणि सुट्टीनंतर आमच्या वॉर्डच्या नगरसेविका उठल्याच. "आमच्या गावात बटणां कोण करता? सगळी सोलां करतत. तां नाव त्यात घाला." टाळ्या पडल्या. मुख्याधिकारी शांतपणे म्हणाले, नकाशातला रंग बदलायचा प्रस्ताव तुम्ही करू शकता, वापरांची यादी नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगैरे काही भाग सोडले तर राज्यभर एकच नियमावली आहे. पुण्याला लागू ती आपल्याला लागू.

म्हणजे सभेच्या हातात रंगपेटी आहे, शब्दकोश नाही. निळ्याचा ठराव बहुमताने झालाही. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही, हॉटेलवाल्यांनाही पोट आहे. पण हॉटेलसाठी तास मिळतो आणि खळ्यासाठी चहाची सुट्टी, हे खुपलं. माझा पट्टा पिवळाच आहे. 'इत्यादी'त सोलां येतात असं मी लेखी उत्तर देणार आहे. अडचण एकच, मे महिन्यात तीन आठवडे मी चार बायका रोजंदारीवर लावते. तिथं नियम मला पकडतो आणि मी खोटं लिहिणार नाही.

घरी आले तर आभाळ काळवंडलेलं. शेजारच्या काकीने माझं सगळं खळं ताडपत्रीने झाकून कडेला जांभ्याचे दगड ठेवले होते आणि स्वतः पायरीवर वारा घेत बसली होती. मी तिला नियम सांगितला. मजूर लावलेला चालत नाही म्हटलं.

"मी काय पैसे घेतलंय?" ती म्हणाली. "मगे मी मजूर कशी? च्या टाक."